माल आपल्या दारी, माहिती परक्या घरी

१/ परदेशी संकेतस्थळावरून वस्तू मागवताना ग्राहक आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक परक्या देशातील विक्रेत्याच्या हवाली करतो. वस्तू घरी येते. माहिती तिकडेच राहते. तिच्यावर कोणाचा कायदा चालावा, या प्रश्नाला अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. हा धागा त्याविषयी.

२/ वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जगातील पहिला कायदा १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतील हेसन राज्याने केला. १९७३ मध्ये स्वीडनने देशव्यापी कायदा करून अशी माहिती परदेशी पाठवण्यावर परवानगीचे बंधन घातले. माहिती तेव्हा मोठ्या संस्थांच्या मोजक्या संगणकांत असे. तिला सीमेवर अडवणे शक्य वाटत होते.

३/ १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ घडवली. ग्राहकाने टोपलीत काय ठेवले हे संकेतस्थळाच्या लक्षात राहावे, हा त्यामागील एक हेतू. पुढे याच खुणेच्या आधारे जाहिरातदार ग्राहकाचा माग काढू लागले.

४/ १९९५ मध्ये युरोपीय संघाने नियम केला : जिथे पुरेसे संरक्षण आहे, अशाच देशात माहिती पाठवावी. अमेरिकेत तसा सर्वसमावेशक कायदा नव्हता. म्हणून २००० मध्ये ‘सेफ हार्बर’ ही तडजोड निघाली. अमेरिकी कंपन्यांनी तत्त्वे पाळण्याची ग्वाही स्वतःच द्यायची होती.

५/ २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारची टेहळणी उघड केली. मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने फेसबुकविरुद्ध आयर्लंडमध्ये तक्रार केली. त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती तडजोड रद्द ठरवली. तिच्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ही १६ जुलै २०२० रोजी कोसळली. तिसरी व्यवस्था २०२३ मध्ये आली.

६/ दरम्यान युरोपने दुसरी वाट धरली. २५ मे २०१८ पासून लागू झालेला ‘जीडीपीआर’ हा कायदा ग्राहक कुठे आहे ते पाहतो. दुकान जगात कुठेही असो, ते युरोपातील लोकांना माल विकू पाहत असेल तर कायदा लागू. संकेतस्थळ तिथे नुसते उघडते, एवढे पुरेसे नाही; स्थानिक भाषा वा चलनात मागणी नोंदवण्याची सोय असेल, तर हेतू दिसतो. शिवाय काही अपवाद वगळता अशा विक्रेत्याने युरोपात आपला प्रतिनिधी नेमायचा असतो.

७/ भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही भारतातील व्यक्तींना माल वा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी विक्रेत्यांना आपल्या कक्षेत घेतो. मात्र भारतात राहणारा माहिती संरक्षण अधिकारी नेमण्याची सक्ती सरकारने ‘महत्त्वाच्या’ ठरवलेल्या संस्थांपुरतीच आहे.

८/ लहान परदेशी दुकानाविरुद्धचा हक्क त्यामुळे कागदावर आहे. पण नोटीस बजावायची कोणावर, हा प्रश्न उरतोच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती संकेतस्थळावर दिली आहे का, हे पाहावे. पन्नास वर्षांच्या या इतिहासात कायद्याला खरी अडचण आली ती जबाबदार माणूस हाती सापडण्याचीच.