कळकाच्या नळीतली सनद

मोडी कागद वाचून देण्याचा माझा जुना उद्योग. लोक ते कशाकशातून आणतात म्हणून सांगू! कोणी उशीच्या अभ्र्यात, कोणी बिस्किटांच्या डब्यात. एक आजोबा तर कळकाची नळी घेऊन आले. तोंडाला मेणकापड, वर हळदकुंकू. "देवघरातली सनद आहे, मास्तर. वाचा, पण नळी माझ्या मांडीवरच राहील."

ही माया उगीच नव्हे. 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्यांना पुरावा मागितला जाऊ लागला. आणलेली सनद पुण्याच्या पेशवे दफ्तराशी ताडून पाहायची. (तिथले कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत.) पुरावा न पटल्याने अनेकांच्या इनामांवर पूर्ण सारा बसला. वाळवीने खाल्लेली सनद कोण मानणार? मग घरोघरी कागद देवापाशी गेले नाहीत तरच नवल!

मी नळीतला कागद उलगडला. सनद नव्हती, कर्जरोखा होता. सांगताना माझी जीभ अडखळली. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फिटलं होतं का ते?"

मी कागद उलटला. पाठीवर भरण्याच्या दोन नोंदी होत्या. तिसरी काही सापडेना.