मनिऑर्डरीवरचा अंगठा

महारांच्या लष्करी परंपरेचा इतिहास आपण आजवर स्तंभावरून आणि अर्जांवरून लिहीत आलो. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ रोजी पडलेल्या बावीस महार शिपायांची नावे आहेत. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी आपली सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला. पुढे १९०३ साली सासवडला एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरवून शिवराम जानबा कांबळ्यांनी आणि १९१० साली पुन्हा त्यांनीच सरकारचे दार ठोठावले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. ज्यांनी आपल्याला लढाऊ नाही म्हणून बाहेर काढले, तेच अडचण आली की बोलवायला येत. हा व्यवहार नीट ध्यानात ठेवला पाहिजे. नाहीतर अभिमानाच्या भरात आपण साम्राज्याचे उपकार गाऊ लागतो.

या सगळ्या कागदांत बाई कुठे आहे? पेन्शनीच्या कागदावर वारस म्हणून. एवढेच.

बाबासाहेबांच्या घराकडेच पाहा. सुभेदार रामजींची नोकरी, त्यांचे लष्करी शाळेतले मुख्याध्यापकपण, हे सर्वांना पाठ असते. भीमाबाईंचे माहेरही सुभेदाराचेच. १८९६ साली साताऱ्यात त्या गेल्या आणि लेकरांचे घर सावरायला रामजींची बहीण मीराबाई उभी राहिली. पाठीत बाक असलेली ही आत्या आपल्या चरित्रग्रंथांतून चार-दोन वाक्यांत येते आणि निघून जाते. लष्करी शिस्तीत मुले वाढली, असे आपण लिहितो. त्या मुलांच्या ताटात भाकर कोणी वाढली, हे लिहीत नाही.

आमच्या नाशिकात मात्र एक दिवस असा आला की शिपाई आणि बाई एकाच रांगेत दिसली. २ मार्च १९३०. काळाराम मंदिराकडे निघालेल्या मिरवणुकीच्या अग्रभागी लष्करी वाद्ये वाजत होती, मागे स्काउट पथक आणि त्याच्या मागे सुमारे पाचशे स्त्रिया. सैन्याने बाहेर काढलेल्या समाजाने सैन्याचीच चाल स्वतःच्या लढ्याला लावली. दुसऱ्या दिवशी चारी दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. भाऊराव गायकवाड, पुढचे आपले कर्मवीर दादासाहेब, यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. त्या पंचवीस जणींपैकी किती नावे आपल्या विद्यार्थ्यांना सांगता येतील? मी वर्गात विचारून पाहिले आहे. वर्ग गप्प बसतो.

त्या पाचशे जणींत माझ्या पणजीची आई होती. बोट धरून दहा-अकरा वर्षांची पणजीही. घरात तिला सगळे थोरली आय म्हणत. ती २००४ साली गेली तेव्हा मी शाळेत होतो. दार उघडले नाही, याबद्दल ती फारशी बोलत नसे. ती वाजंत्र्यांचे सांगे : "आपल्या मान्सांचं वाजाप व्हतं, पर लग्नातलं नव्हं. पल्टनीतलं."

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, लवकरच कामठीला दुसरी. त्याच वर्षी बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण समितीवर आले होते आणि महार भरतीचा त्यांचा आग्रह जुनाच होता. थोरल्या आयचा नवरा त्या भरतीत गेला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून १९४६ साली परत आला. आल्यावर तो लढाईबद्दल बोलला नाही. जे सांगितले ते थोरल्या आयने, आणि ते वेगळ्याच लढाईचे होते.

तिच्या घराकडे येसकरकीची पाळी होती. गावाचा सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी पाहुण्याची लाकडे फोडणे आणि बदल्यात दारोदार भाकर मागणे. नवरा पलटणीत असला तरी पाळी घराची. मग बाईने आणि पोरांनी ती करायची. पहिली मनिऑर्डर आली त्या महिन्यात ती भाकर मागायला गेली नाही. पाळीलाही गेली नाही. बोलवायला माणूस आला तेव्हा म्हणाली, "माझा मानूस सरकारचं काम करतोय. गावाचं कोन करील ते गावानं पाहावं." त्या साली तिला कोणी कापणीला बोलावले नाही. मनिऑर्डर उशिरा आली की घरात उपास पडे. पण पाळी पुन्हा तिच्या घराने घेतली नाही. महारवतने खालसा करणारा कायदा १९५८ सालचा. आमच्या घरात तो पंधरा-सोळा वर्षे आधी लागू झाला होता!

वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, हे आम्ही प्राध्यापक शिकवतो. त्या विचाराला गावात पाय कसे फुटले, हे शिकवायचे तर पोस्टमनच्या पिशवीकडे वळावे लागेल. बलुत्यावर जगणाऱ्या घरात रोख पैसा बाईच्या नावावर येऊ लागला, ही साधी गोष्ट नव्हे. सैन्यभरतीचे समर्थन करायचे तर मला ते शौर्यापेक्षा या पैशात अधिक सापडते. शौर्याचे पदक पेटीत राहते.

युद्ध संपले आणि इतर हजारो शिपायांप्रमाणे आमच्या पणजोबांचेही नाव कमी झाले. युद्धापुरत्या नोकरीला पेन्शन नव्हती. मागे राहिले ते कागद. मनिऑर्डरीचे कुपन तेव्हा घेणाऱ्याकडे राही आणि अंगठा उठवलेली पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जाई. पणजोबांनी तिच्या अंगठ्याच्या पावत्या पलटणीतून सांभाळून आणल्या होत्या, आणि तिच्याजवळ कुपने होती. दोन्ही एकाच पत्र्याच्या डब्यात आहेत. कुपनावरचा मजकूर तिला वाचता येत नसे. पण कोणत्या कुपनाच्या पैशात शेळी आली, कोणत्या पैशात थोरल्याची पाटी, हे ती एकेक कुपन हातात घेऊन बरोबर सांगायची.