परदेशी पोलादावरचा कर : कारण देशाच्या सुरक्षेचं, भाव असोद्यातल्या पत्र्याचा

असोदा (ता. जळगाव) : बहिणाबाई चौधरींचं माहेर आणि भरताची वांगी, या दोन गोष्टींसाठी असोदा सगळीकडे माहीत आहे. गावात नवीन घर असो, गोठा असो की शेतातलं शेड, पत्रा आणि लोखंडी पाइप लागतोच. दुकानात भाव विचारला की, "वरूनच वाढला, बाहेरच्या मालावर कर लागला," असं उत्तर मिळतं. मोबाइलवर बातमी येते की अमेरिकेने पोलादावर ५० टक्के टॅरिफ लावलं, भारतानेही कर लावला. कोणी म्हणतं देशाच्या सुरक्षेसाठी, कोणी म्हणतं कारखाने वाचवण्यासाठी. हे कर वेगवेगळे आहेत. कोणता कर कुणी लावला, तो कोण भरतं आणि त्याचा शेतकऱ्याशी काय संबंध, याची ही माहिती.

टॅरिफ कोण भरतं?

टॅरिफ म्हणजे आयात शुल्क. परदेशातून माल बंदरावर उतरला की सीमाशुल्क विभाग तो घेतो. पुष्कळांचा समज असा की भारताने चीनच्या मालावर कर लावला म्हणजे चीन पैसे भरतो. तसं नाही. पैसे भरतो माल मागवणारा इथला व्यापारी किंवा कारखानदार. तो ते पुढच्या भावात धरतो. कधी परदेशी विकणारा आपला भाव थोडा उतरवतो आणि काही ओझं त्याच्यावर जातं, पण पावती इथल्याच माणसाच्या नावाने फाटते. अमेरिकेतही असंच. तिथला कर तिथला खरेदीदार भरतो. भारतातल्या कारखान्याचं नुकसान होतं ते माल महाग पडल्यामुळे मागणी कमी झाल्याने.

कांद्याचं उदाहरण आठवावं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. भरायचं निर्यातदाराने होतं, पण भाव शेतकऱ्याचा पडला. कर कागदावर एकाच्या नावाने असतो, झळ दुसऱ्यालाच बसते.

सुरक्षेचं कारण कुठून आलं?

अमेरिकेत १९६२ चा व्यापार विस्तार कायदा आहे. त्याच्या कलम २३२ प्रमाणे एखाद्या मालाच्या आयातीने देशाच्या सुरक्षेला धोका आहे का, याची चौकशी वाणिज्य खातं करतं. धोका आहे असा अहवाल आला की राष्ट्राध्यक्षांना त्या मालावर कर लावता येतो. सरळ मुद्दा असा की युद्ध झालं तर तोफा, जहाजं, रणगाडे यांना पोलाद लागणार. आपले कारखाने बंद पडले आणि माल बाहेरून येईना, तर काय करायचं?

याच कलमाखाली डोनाल्ड ट्रम्प यांनी ८ मार्च २०१८ रोजी पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के कर जाहीर केला. पुढे काही देशांना सूट मिळाली, काहींना कोटा ठरवून दिला. दुसऱ्यांदा सत्तेत आल्यावर १२ मार्च २०२५ पासून सगळ्या सवलती काढून दोन्हींवर २५ टक्के झाला. ४ जून २०२५ पासून तो ५० टक्के केला. ब्रिटनला तेवढा २५ वर ठेवला.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनीच लिहून दिलं होतं की लष्कराची गरज देशातल्या पोलाद उत्पादनाच्या साधारण ३ टक्केच आहे. म्हणजे कर १०० टक्के मालावर आणि सैन्याची गरज ३ टक्के. म्हणून इतर देश म्हणाले, नाव सुरक्षेचं आहे, काम मात्र कारखाने वाचवण्याचं आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी डिसेंबर २०२२ मध्ये चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान यांच्या तक्रारींवर अमेरिकेच्या विरोधात निकाल दिला. अमेरिकेने तो मानला नाही. आमची सुरक्षा कशात आहे हे आम्हीच ठरवू, असं तिचं म्हणणं.

भांडण पोलादाचं, उत्तर हरभऱ्याचं

भारताने त्याला उत्तर दिलं १६ जून २०१९ रोजी. अमेरिकेतून येणाऱ्या २८ वस्तूंवर जादा शुल्क लावलं. त्यात पोलाद मुख्य नव्हतं. बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर असा शेतीमाल होता. मोंटाना, वॉशिंग्टन या राज्यांतले कडधान्य पिकवणारे अमेरिकन शेतकरी त्यात सापडले. पोलादाच्या कारखान्याला संरक्षण मिळालं, त्याची किंमत काही प्रमाणात तिथल्या शेतकऱ्याने मोजली.

जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी आपसातले सहा खटले मिटवायचं ठरवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने हरभऱ्यावरचं १० टक्के आणि मसूर, सफरचंद, अक्रोड यांवरचं २० टक्के जादा शुल्क काढलं. बदल्यात भारताच्या काही पोलाद-ॲल्युमिनियमला अमेरिकेत वाट मिळाली. भारतात मसूर मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येतो, त्यामुळे एवढ्यावरून जळगावच्या दाल मिलमध्ये भाव फिरले असं म्हणता येणार नाही. पण पोलादाच्या सौद्यात कडधान्य ताटात ठेवलं जातं, हे दिसून आलं. मे २०२५ मध्ये भारताने पुन्हा जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की अमेरिकेच्या पोलाद-ॲल्युमिनियमवरच्या कराला उत्तर म्हणून सवलती थांबवण्याचा हक्क आपण राखून ठेवतो. त्यावर अमेरिकेचं म्हणणं तेच की हा सुरक्षेचा विषय आहे, यात उत्तराचा हक्क लागू होत नाही.

भारताचा कर सुरक्षेचा नाही

भारत कच्च्या पोलादाच्या उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. तरी २०२३-२४ पासून तयार पोलादाची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली. चीनमध्ये घरबांधणी मंदावली, माल शिल्लक राहिला आणि तो जगभर स्वस्तात गेला. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांच्या वर पोलाद निर्यात केलं.

इथल्या कारखानदारांच्या संघटनेच्या अर्जावर व्यापार उपाय महासंचालनालयाने डिसेंबर २०२४ मध्ये चौकशी सुरू केली. २१ एप्रिल २०२५ पासून २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरतं शुल्क लागलं. ३० डिसेंबर २०२५ रोजी अंतिम अधिसूचना निघाली. एप्रिल २०२५ पासून धरून पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी साडेअकरा आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के.

याला म्हणतात संरक्षक शुल्क, इंग्रजी शब्द सेफगार्ड. ऐकायला सुरक्षा आणि संरक्षक सारखेच वाटतात, नियम मात्र वेगळे आहेत. संरक्षक शुल्काला आयात अचानक वाढल्याचं आणि उद्योगाचं नुकसान झाल्याचं दाखवावं लागतं. समोरच्या बाजूचं ऐकून घ्यावं लागतं, मुदत ठरवावी लागते आणि दर हळूहळू कमी करावा लागतो. सुरक्षेच्या नावाने लावलेल्या कराला यातलं काहीच बंधन नसतं. तो कधी उठेल हे लावणाऱ्याच्या मर्जीवर.

पत्र्याला लागतो, सळईला नाही

दुकानात गफलत होते ती इथेच. भारताचं हे शुल्क फक्त चपट्या मालावर आहे. त्यात हॉट रोल्ड आणि कोल्ड रोल्ड कॉइल, प्लेट, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, रंगीत पत्रा येतो. स्लॅब भरताना लागणारी सळई यात येत नाही. अँगल, चॅनलही नाही. आपल्याकडे सळई पुष्कळशी जालन्याच्या मिलमधून येते. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून ती बनते. तिचा भाव भंगार, कोळसा, वीज आणि बांधकामाचा हंगाम यांवर फिरतो. म्हणून सळई महाग सांगताना कोणी या शुल्काचं कारण दिलं, तर ते तपासून घ्यावं.

पत्र्याची छपरं, ट्रॉलीचा पत्रा, धान्याची कोठी, पत्र्याच्या पट्टीपासून बनणारा गोल-चौकोनी पाइप, यांचा कच्चा माल मात्र या शुल्काच्या कक्षेत आहे.

हिशेब असा :

- बंदरात १ टन कॉइल ५०,००० रुपयांना पडली असं धरू.
- पहिल्या वर्षीच्या १२ टक्के दराने संरक्षक शुल्क ६,००० रुपये.
- त्या ६,००० वर १८ टक्के जीएसटी १,०८० रुपये.
- जादा ओझं ७,०८० रुपये टन, म्हणजे किलोला साधारण ७ रुपये.
- दहा फुटी, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा १२ किलोच्या आसपास भरतो. एका पत्र्यामागे ८४-८५ रुपये. ४० पत्र्यांच्या शेडला ३,४०० च्या जवळपास.

हा वरच्या टोकाचा हिशेब आहे. बहुतेक पत्रा देशातल्याच कॉइलचा असतो आणि त्यावर हे शुल्क लागत नाही. पण बाहेरचा माल महाग झाला की इथल्या कारखान्याला भाव चढा ठेवायला जागा मिळते. किती ठेवायचा हे मागणीवर. शिवाय ठरलेल्या किमतीच्या वर आयात झालेल्या मालाला हे शुल्क माफ आहे. हॉट रोल्ड कॉइलसाठी ती किंमत टनाला ६७५ डॉलर आहे. जीएसटीत नोंद असलेला व्यापारी भरलेला जीएसटी पुढे वळता करतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, त्याच्या खिशातून गेले ते गेले.

भारतानेही सुरक्षेसाठी कर लावला होता

पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं. खारीक, सिमेंट असा माल तिकडून यायचा. पहलगाम हल्ल्यानंतर २ मे २०२५ रोजी तिकडची आयातच बंद केली. इथे कारण सरळ होतं आणि लोकांना ते समजलं. वैर एका देशाशी, कर त्याच देशावर. अमेरिकेच्या पोलाद कराबद्दल शंका येते ती यामुळेच की तो जपान, कॅनडा अशा मित्र देशांवरही आहे.

म्हणून सुरक्षेचं कारण नेहमी खोटं असतं असंही नाही. जळगाव जिल्ह्यातच भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. विमानवाहू जहाज 'विक्रांत' बांधायचं ठरलं तेव्हा त्याचं खास पोलाद बाहेरून मिळेना. मग डीआरडीओ आणि सेल यांनी मिळून ते देशात तयार केलं. या जहाजाला सुमारे ३० हजार टन लागलं आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ते नौदलात दाखल झालं. बाहेरच्यावर अवलंबून राहिलं की काय होतं ते यात दिसतं. आणि हेही दिसतं की ती अडचण आयात शुल्काने नाही, इथल्या संशोधनाने आणि भट्टीने सोडवली.

पोलादाला भिंत, कापसाला उघडं दार

खान्देशच्या शेतकऱ्याला खरा प्रश्न इथे आहे. २०२५ मध्ये पोलादाचे कारखाने म्हणाले, स्वस्त आयातीने आम्ही मरतो. सरकारने चौकशी केली आणि १२ टक्के भिंत उभी केली. त्याच वर्षी कापसावर आधीपासून असलेलं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ झालं. आधी मुदत ३० सप्टेंबर होती, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. अमेरिकेच्या करामुळे कापड निर्यातदार अडचणीत आले, त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा हे कारण. नेमका तोच काळ कापूस वेचून घरात यायचा. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये जाहीर होता, पण बाहेरचा कापूस विनाशुल्क येत असताना खासगी व्यापाऱ्याला तेवढा भाव देण्याची घाई नव्हती.

दोन्ही निर्णयांना आपापली कारणं आहेत. फरक इतकाच की पोलादवाल्यांनी आकडे मांडून अर्ज केला, सुनावणीत बाजू मांडली. संरक्षक शुल्क मागायचा तो कायदा फक्त कारखान्यांसाठी राखून ठेवलेला नाही. नुकसान झालेल्या देशी उत्पादकांना अर्ज करता येतो, शेतीमालही त्यातून वगळलेला नाही. त्यासाठी आकडे लागतात आणि मोठ्या संख्येने एकत्र यावं लागतं. एकट्या-दुकट्याचं ते काम नाही.

बातमी वाचताना काय पाहावं?

१) कर कुणी लावला? अमेरिकेचा ५० टक्के कर तिथल्या खरेदीदाराला, भारताचं संरक्षक शुल्क इथल्या आयातदाराला.

२) कोणत्या मालावर? पत्रा की सळई, रुई की सूत, हे अधिसूचनेत लिहिलेलं असतं.

३) कोणत्या नावाने? संरक्षक शुल्काला मुदत असते. सुरक्षेच्या कराला ती नसते.

४) उत्तर म्हणून समोरचा देश कशावर कर लावेल? पुष्कळदा ते शेतीमालावरच येतं.

५) आपल्या पिकावरचं शुल्क त्याच वेळी वाढलं की उतरलं? पत्र्याचा भाव विचारताना हेही विचारावं. अनेक वर्षांतून एकदा शेडवर पत्रे पडतात, पण कापूस दर हंगामात विकावा लागतो.