बागलाणची द्राक्षं, गंगापूरचा पेला

अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली सोळाव्या शतकाच्या अखेरीस. सुरत आणि नंदुरबार यांच्या मधल्या एका डोंगराळ पण भरभराटीच्या मुलखाची त्यात नोंद आहे. तो मुलूख म्हणजे आमचं बागलाण. इथे राठोडांचं राज्य आहे, साल्हेर-मुल्हेरसह सात नामांकित किल्ले आहेत आणि फळं उत्तम पिकतात, असं तो सांगतो. त्या फळांत डाळिंब आहे आणि द्राक्षही आहे. सटाण्याच्या शाळेत इतिहास शिकवताना ही नोंद मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. निम्म्या मुलांच्या घरी द्राक्षबाग, बाकीच्यांच्या घरी डाळिंब. अकबराच्या दरबारी आपल्या शिवारातल्या फळांची खबर होती हे ऐकलं की मागच्या बाकावरची पोरंही ताठ बसायची.

हे आधी सांगितलं, कारण नाशिकच्या वाइनची गोष्ट जिथे तिथे 1990 नंतरच सुरू होते. ती गोष्ट जवळून बघायचा योगही मला आला. 2024 साली 26 जानेवारी शुक्रवारी आला. जोडून आलेल्या सुट्टीत लेक आणि जावई पुण्याहून आले. “आई, जन्मभर द्राक्षांत राहिलीस, त्यांचं पुढे काय होतं ते बघायला चल,” असं लेक म्हणाली. आमच्या घरात सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि त्यांच्याच हातची थॉम्पसन द्राक्षांची बाग होती. वाइनचा थेंब घरात कधी आला नव्हता. तरी मी निघाले. शेतात पिकलेल्या मालाचा शेवट कुठे होतो हे शेतकऱ्याच्या घराला ठाऊक असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

देवळा, चांदवड, लासलगाव करत आम्ही विंचूरला पोचलो. प्रजासत्ताक दिन म्हणजे ड्राय डे, त्यामुळे त्या दिवशी चाखणं नव्हतं, नुसतं बघणं होतं. ते बरंच झालं, कारण या धंद्याचा इतिहास त्या कोरड्या दिवसातही आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात नाव बदलून लागू आहे. पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि वाइनसाठीही एकविसाव्या वर्षाची अट आहे. अशा राज्यात सरकारनेच 19 सप्टेंबर 2001 रोजी द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं आणि विंचूर व सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क उभारायचं ठरवलं. द्राक्षाचे भाव पडले की शेतकरी उघड्यावर येतो, त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळावं, हा त्यामागचा विचार होता. मला तो विचार तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

धोरणाच्या आधीही माणसं धडपडली होती. ओझरला 1925 मध्ये रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षं लावली, आणि जिल्ह्यातल्या आजच्या बागाईतीचा पाया तिथे धरला जातो. पुढे नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली. पिंपळगाव बसवंतला शेतकऱ्यांनी सहकारातून तसाच प्रयत्न केला. तो फार चालला नाही, पण शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलेला म्हणून मला तो सगळ्यांत मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी नाशिकजवळचं गंगापूर. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले, कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की मदतीला आले, आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ, शेनां ब्लाँ या जाती इथे लागल्या. आईच्या सुलभा या नावावरून वाइनरीला ‘सुला’ हे नाव आलं, 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आली. पण इतिहासाची शिक्षिका म्हणून मला त्याहून महत्त्वाचं साल वाटतं ते 2005. त्या वर्षी तिथे टेस्टिंग रूम उघडली. तोवर आपल्याकडे बाटली दुकानातून कागदात गुंडाळून घरी यायची. जिथे पिकतं तिथेच उभं राहून, बायकामाणसांसह, उघडपणे चव बघायची हा रिवाज महाराष्ट्रात त्यानंतर रुजला. दारूबंदी कायद्याच्या राज्यात हा बदल लहान नाही.

सुट्टीमुळे तिथे प्रचंड गर्दी. एका तरुणाने आम्हाला ओळीने पेले दिले. रंग बघा, पेला फिरवा, वास घ्या, मग घोट तोंडात खेळवा. आधी फसफसती, मग पांढरी, मग लाल, शेवटी उशिरा खुडलेल्या शेनांची गोड वाइन. सॉव्हिन्यॉला ढोबळी मिरचीचा, कच्च्या पेरूचा वास आहे असं तो म्हणाला. मला ती चव ओळखीची वाटली. मण्यात पाणी उतरायला लागलं की आम्ही एकेक मणी तोंडात टाकून बघतो, तेव्हा जी आंबट धार लागते तीच. सगळ्यांना ही वाइन आंबट वाटली, मला ती आवडली.

रविवारी इगतपुरीकडच्या सांजेगावला गेलो. मुकणे धरणाच्या काठावरची व्हॅलोने वाइनरी आकाराने लहान. इथे घाई नव्हती. लाल वाइनमध्ये साल का ठेवतात, पिंपात किती काळ ठेवतात, सगळं विचारता आलं. आमचं खाण्याचं द्राक्ष मोठं, बिनबियांचं, पातळ सालीचं. वाइनचं बारीक मण्याचं, बियांचं, जाड सालीचं. आम्ही अठराच्या आसपास ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, आली की माल काढतो, ते बावीस-चोवीसपर्यंत थांबतात. एका बाटलीला सव्वा ते दीड किलो द्राक्ष लागतं. हे कळलं आणि पेल्यातल्या गोष्टीला शेताचा हिशेब जुळला.

एका ठिकाणी मात्र, कुठे ते सांगत नाही, मी विचारलं, “ही द्राक्षं कोणत्या गावची?” उत्तर मिळालं, “नाशिकची.” फ्रान्समधल्या ओकच्या पिंपाची माहिती तोंडपाठ होती, पण गावाचं नाव नव्हतं. हे मला फार लागलं. कारण त्या गावांनी 2009 सोसलं आहे. जागतिक मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, नारायणगावची चौगुले यांची कंपनी कोसळली आणि करारावर वाइनची द्राक्षं लावलेल्यांचा माल कुणी उचलेना. कित्येकांनी पोसलेले वेल मुळासकट काढले, पुन्हा खाण्याच्या जातींकडे वळले. टेस्टिंगच्या टेबलावर या वर्षाचा उच्चार मी कुठेच ऐकला नाही.

लेकीने विचारलं, मग आपल्याकडे वाइनरी का नाही? मला दिसतं ते कारण हिशेबाचं आहे. कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात आम्ही आगाप, म्हणजे हंगामाआधीचं पीक घेतो. जून ते ऑगस्टमध्ये, भर पावसात फळछाटणी, डाऊनी रोगाशी रोज झुंज, आणि सटाण्याच्या देवमामलेदारांच्या यात्रेच्या सुमारास, डिसेंबरात माल तयार. तेव्हा बाजारात दुसरी द्राक्षं नसतात, रशिया, आखात, बांगलादेशचे व्यापारी बांधावर येतात. पदरात पडलं तर चांगलं पडतं, एक पाऊस आला तर सगळं जातं. एवढा जुगार खेळून कुणी कराराच्या बेताच्या भावात द्राक्षं घालणार नाही.

तुलनाच करायची तर माझं मत असं: पहिल्यांदा जाणाऱ्याने गंगापूरला जावं, ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने सांजेगावसारख्या लहान ठिकाणी. पण कुठेही गेलात तरी पेला हातात घेण्याआधी विचारा: द्राक्ष कोणत्या गावचं, कुणाच्या बागेतलं, भाव काय मिळाला? दहा पाहुण्यांनी विचारलं तर अकराव्याला उत्तर तयार ठेवावं लागेल.