भरतीचे कोष्टक, वादळाचा बावटा आणि समुद्रातली होडी



होडी पाण्यात लोटण्याआधी तांडेलाला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. पाणी कधी चढेल, आणि हवा कशी राहील. किनाऱ्यावरून पाहताना या दोन्ही एकाच जातीच्या बातम्या वाटतात. वर्तमानपत्रातही त्या एकाच चौकटीत छापल्या जातात. पण त्यांचा इतिहास अगदी वेगळा आहे. पहिली गोष्ट वर्षभर आधी छापून ठेवता येते. दुसरी आजही चार-पाच दिवसांपलीकडे नेमकेपणाने सांगणे कठीण जाते. आणि या दोन्ही किनाऱ्यावर कळल्या, तरी समुद्रात असलेल्या होडीला त्या कळतात का, हा तिसरा प्रश्न उरतोच. आपल्या देशात सर्वांत जास्त माणसे या तिसऱ्या प्रश्नावर गेली आहेत, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे पाहू.

तिथीचे गणित

भरतीशी परक्यांची पहिली गाठ कशी पडली, याची एक जुनी नोंद आहे. इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिकंदराचा ताफा सिंधूच्या मुखाकडे उतरत असताना ओहोटी लागली आणि जहाजे चिखलात बसली. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम जाणवते, त्यामुळे हे काय झाले ते त्या सैनिकांना समजेना. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाच्या अज्ञात लेखकाने भरूचजवळच्या नर्मदेच्या मुखाचे वर्णन केले. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते, मधल्या दिवसांत कमी होते आणि ओहोटीला तळ एकदम उघडा पडतो, असे तो लिहितो. याहून महत्त्वाची त्याची दुसरी नोंद आहे. राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन मुखाशी थांबत आणि परदेशी जहाजांना भरतीच्या पाण्यावर ओढून ठरावीक जागी नेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भरतीचे ज्ञान हा पगारी पेशा होता!

या ज्ञानाचा एक तुकडा कोकणात अजून वापरात आहे. मुंबईच्या परिसरात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, असा तो हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचे. हे का जमते? पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटे. जुन्या मापात या बरोबर दोन घटका होतात. पाऊणपटीने ४५ मिनिटे धरली जातात, म्हणून तिथी वाढेल तशी चूकही थोडी वाढते. पण होडी काढायला एवढे पुरते. लक्षात ठेवा, हा नियम मुंबईचा आहे. मुंबईत अमावास्येची भरती दुपारी बाराच्या आसपास येते म्हणून तो बसतो. चेन्नई किंवा भावनगरच्या विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा वापरू नये. प्रत्येक बंदराला स्वतःचा मुहूर्त असतो.

पाण्याची उंचीही अशीच बदलते. खंबातच्या आखातात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, मुंबईत तो पाच मीटरच्या आत राहतो, चेन्नईला मीटरभर आणि कोचीला त्याहूनही कमी असतो. अलंगला जुनी जहाजे मोडीत काढण्याचा धंदा उभा राहिला तो याच पाण्याच्या जोरावर. उधाणाच्या भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवतात.

डेहराडूनचा समुद्र

तिथीच्या हिशेबावर होडी चालते, पण वीस फूट पाण्यात बुडालेले आगबोटीचे पोट गाळाच्या दांड्यावरून न्यायचे, तर वेळ आणि उंची दोन्ही नेमकी लागतात. एकोणिसाव्या शतकात ही गरज वाढली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७ पासून भरतीचे संनादी विश्लेषण मांडले. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हा भाग अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हातात धरता येतो.

बंदरातील पाण्याची उंची ही अनेक कोसाइन लहरींची बेरीज आहे असे धरा. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य लहरीचा आवर्तकाल १२.४२ तास, सूर्यामुळे येणाऱ्या मुख्य लहरीचा १२ तास. आवर्तकाल इतके जवळचे असले की दोन लहरी काही काळ एकमेकींना जोर देतात आणि काही काळ मारतात. ध्वनिशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. कॅल्क्युलेटरवर करून पाहा: १२ गुणिले १२.४२ भागिले ०.४२. उत्तर सुमारे ३५५ तास येते, म्हणजे पावणेपंधरा दिवस. हेच आपले पंधरवड्याचे चक्र. लहरी जुळल्या की उधाण, विरोधात गेल्या की भांग. पंचांग आणि त्रिकोणमिती इथे एकाच ठिकाणी पोहोचतात. सिग्नल्सचा विषय शिकवताना पहिला तास मी याच उदाहरणाने सुरू करतो.

आवर्तकाल आकाशातून मिळतात. पण प्रत्येक लहरीची त्या बंदरातील उंची आणि उशीर मोजूनच काढावे लागतात. त्यासाठी स्वयंलेखी मापक लागतो: विहिरीत तरंगता गोळा, त्याला जोडलेली पेन्सिल आणि घड्याळावर फिरणारा कागदाचा रूळ. कॅप्टन बेअर्ड यांनी १८७३ पासून कच्छच्या आखातात ओखा आणि आणखी दोन ठिकाणी असे मापक बसवले. मूळ उद्देश होता तिथली जमीन वर-खाली होते आहे का, हे पाहण्याचा. भरतीची मापे त्या कामात हाती आली. १८७७ नंतर सरकारने हे काम मोठ्या बंदरांपर्यंत वाढवले. मुंबईच्या अपोलो बंदरावरची नोंद १८७८ पासूनची आहे आणि जगातल्या लांब नोंदींमध्ये ती गणली जाते. याच मापकांच्या जाळ्यात १८८१ च्या अखेरीस कार निकोबारच्या भूकंपाची आणि ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआच्या स्फोटाची लाट नोंदली गेली.

वर्षाला तासागणिक ८,७६० वाचने, त्यावरून वीस-बावीस लहरी वेगळ्या करायच्या आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा बेरीज करायची. हे हाताने करणे जिकिरीचे. म्हणून एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली लंडनच्या लेझे कंपनीने १८७९ मध्ये भारत सरकारसाठी एक यंत्र बनवले. प्रत्येक लहरीसाठी एक कप्पी, ती आपापल्या वेगाने वर-खाली होणार. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार नेलेली, तिच्या टोकाला लेखणी. हँडल फिरवले की तार सगळ्या हालचालींची बेरीज करते आणि कागदावर वर्षभराची भरती उमटते. वीस लहरी बेरजेला धरणारा हा एक यांत्रिक संगणकच. त्यातून भारतीय बंदरांची कोष्टके निघू लागली, तीही लंडनमध्ये. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला यंत्र डेहराडूनला आले. समुद्रापासून हजारभर किलोमीटरवर, हिमालयाच्या पायथ्याशी, सर्व्हे ऑफ इंडियाचे लोक मुंबई-कोलकात्याची भरती सांगू लागले. विचित्र वाटते ना? पण संख्या एकदा हातात आल्या की समुद्र पाहावा लागत नाही.

आणि नेमकी तिथेच या कोष्टकाची मर्यादा आहे.

कोष्टकात नसलेले पाणी

कोष्टकाला चंद्र-सूर्य कळतात, वारा कळत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. वादळात ५० ने उतरला तर अर्धा मीटर. ही झाली किरकोळ वाढ. खरी वाढ वाऱ्याने उथळ किनाऱ्याकडे ढकललेल्या पाण्याची. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला ती कित्येक मीटर होते.

या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव कलकत्त्यात मिळाले. हेन्री पिडिंग्टन तिथे सागरी अपघातांच्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते. जहाजांच्या रोजनिश्या एकत्र लावून ते वादळाचा मार्ग काढत. सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून १८४८ मध्ये त्यांनी हा शब्द बनवला. मातला नदीवर नवे बंदर बांधायचे ठरले, तेव्हा १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलना पत्र लिहून कळवले की ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडी आहे. कोणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले, १८६७ च्या नोव्हेंबरातील वादळात त्याचे मोठे नुकसान झाले आणि थोड्या वर्षांत ते बंदर म्हणून संपले. पिडिंग्टन हे पाहायला नव्हते. ते १८५८ मध्येच वारले होते.

त्याआधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर वादळ आले. हुगळीतली बहुतेक जहाजे नांगर तोडून एकमेकांवर आदळली आणि खालच्या भागात सुमारे पन्नास हजार माणसे पाण्यात गेली. यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची पहिली व्यवस्था झाली. किनाऱ्यावरची निरीक्षणे तारेने येत, म्हणून ती शक्य झाली. तारायंत्र नसते तर वादळ आणि त्याची बातमी बरोबरच पोहोचली असती. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. पश्चिम किनाऱ्याला इशारे १८८० पासून मिळू लागले आणि १८९८ पर्यंत सर्व बंदरांना एकच पद्धत लागू झाली.

मधल्या काळातले एक वादळ मात्र सोडून पुढे जाता येत नाही. १८७६ च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेघनेच्या मुखाशी, आजच्या बांगलादेशातील बाकरगंज भागात, वादळाचे पाणी घुसले. तिथी पाहा: पौर्णिमा. उधाणाचे पाणी आधीच वर असताना त्यावर वादळाचे पाणी चढले. १८६४ चे वादळ शुद्ध पंचमीच्या सुमाराचे होते, म्हणजे उधाण ओसरल्यावरचे. बाकरगंजला सुमारे एक लाख माणसे बुडाली आणि नंतरच्या रोगराईत जवळपास तितकीच गेली. हवामान खाते तेव्हा अस्तित्वात होते. पण इशाऱ्याची यंत्रणा बंदरातल्या जहाजांसाठी उभारलेली होती. चरावर झोपडी बांधून राहणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत किंवा नावाड्यापर्यंत जाणारी वाट कोणी आखलीच नव्हती.

अकरा नंबर

बंदरावरचे बावटे तुम्ही ऐकले असतील: ‘तीन नंबरचा बावटा लागला’. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात वादळाची चाहूल, तीन म्हणजे बंदरालाच वाऱ्याचा धोका, आठ ते दहा महाधोका. या यादीतला अकरावा मला सर्वांत बोलका वाटतो. वादळ इशारा केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला हवा धोक्याची दिसते, असा त्याचा अर्थ. संपर्क तुटणे हीच एक आपत्ती, हे ज्याने ही यादी केली त्याला पक्के ठाऊक असावे.

पण बावटा दिसतो तो बंदरातून. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट मुंबईपासून फार दूर नसतानाच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. तिकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेऊन अनेकांना वाचवले; मुंबईला मात्र पोहत आलेल्यांकडून तासांनंतर कळले.

त्यानंतर सत्तर वर्षांनी उपग्रह होते, संगणकीय प्रतिमाने होती, हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती संस्था होती. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीजवळ ‘ओखी’ एका दिवसात वाढून ३० तारखेला चक्रीवादळ झाले. समुद्रात जाऊ नका, हा इशारा किनाऱ्यावर पोहोचला तेव्हा तमिळनाडू आणि केरळच्या बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. त्यांचा मुक्काम तिथे दिवसेंदिवस असतो. मोबाइलचे जाळे किनाऱ्यालगतच संपते. शेकडो मच्छीमार परतले नाहीत. साठाहून अधिक बोटी वाऱ्याबरोबर उत्तरेला येत थेट सिंधुदुर्गातील देवगड बंदरात शिरल्या. त्यांत नऊशेहून अधिक माणसे होती. वादळ येते आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना वादळानेच सांगितले.

ओखीनंतर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे छोटे उपकरण आले. उपग्रहावरून आलेला इशारा ते मोबाइलपर्यंत पोहोचवते, पण होडीवरून उत्तर पाठवता येत नाही. २०२४ मध्ये इस्रोने संकटसंदेश पाठवणाऱ्या उपकरणाची दुसरी पिढी सुरू केली. त्यात होडीचा संदेश पोहोचल्याची पावती नाविक उपग्रहांमार्फत परत होडीवर येते. हे उपकरण घेऊन समुद्रात जाणारी होडी ‘मी संकटात आहे’ म्हणते आणि तिला ‘ऐकले’ असे उत्तर मिळते.

पुढच्या तासाआधी एक काम करा. तुमच्या जवळच्या बंदराचे या महिन्याचे भरतीचे कोष्टक घ्या, अमावास्येच्या भरतीची वेळ काढा आणि तिच्यात तिथीला ४८ मिनिटे मिळवत पंधरा दिवसांच्या वेळा लिहा. कोष्टकाशी ताडून पाहा, आणि मधल्या काही तिथींना चूक का पडते, याचे उत्तर वर सांगितलेल्या दोन लहरींत शोधा.