कपाटातला पुरावा

इ.स. १८९६मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात अॅडॉल्फ बेक या नॉर्वेजियन गृहस्थाला, स्त्रियांना फसवून दागिने लांबवल्याच्या आरोपावरून सात वर्षांची सक्तमजुरी झाली. १८७७ साली ‘जॉन स्मिथ’ या नावाने शिक्षा झालेला ठक तो हाच, असे पोलिसांनी धरले. तुरुंगात त्याला क्रमांकही स्मिथचाच मिळाला. बेक अर्जांमागून अर्ज करीत राहिला. अखेर १८९८मध्ये गृहखात्यात स्मिथचे जुने कागद उघडले गेले. स्मिथची सुंता झालेली होती, अशी त्यात नोंद होती. बेकची झालेली नव्हती. म्हणजे ही दोन माणसे निराळी होती. यावर खात्याने काय केले? बेकचा तुरुंगातला क्रमांक बदलला. शिक्षा तशीच राहिली.

बेक १९०१मध्ये सुटला, १९०४मध्ये तशाच आरोपाखाली पुन्हा दोषी ठरला आणि त्यानंतर काही दिवसांतच खरा स्मिथ सापडला. बेकला माफी आणि पाच हजार पौंड मिळाले. त्या गदारोळातून १९०७मध्ये इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालय उभे राहिले. पण समोर आलेल्या कागदांचाच न्यायालय विचार करू शकते. कपाटाची किल्ली मात्र होती तिथेच, सरकारी खात्यांच्या कमरेला राहिली.

तिचा परिणाम पुढे सत्तर वर्षांनी दिसला. १९७४च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत एकामागून एक चुकीच्या शिक्षा झाल्या. गिल्डफोर्डच्या चौघांची सुटका १९८९मध्ये झाली, ती पोलिसांच्याच दफ्तरात सापडलेल्या जबाबांच्या टंकलिखित मसुद्यांमुळे. त्यांवर हाताने दुरुस्त्या केलेल्या होत्या. ज्युडिथ वॉर्ड अठरा वर्षांनी, १९९२मध्ये सुटल्या. त्यांच्या खटल्यात सरकारी पक्षाने आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांनी महत्त्वाची माहिती बचाव पक्षाला दिलीच नव्हती. १९९१मध्ये बर्मिंगहॅमचे सहाजण सुटले, त्याच दिवशी लॉर्ड रन्सिमन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग जाहीर झाला. त्यातून १९९५चा कायदा आला आणि १९९७मध्ये ‘फौजदारी खटले पुनर्विलोकन आयोग’ कामाला लागला.

या कायद्याचे सतरावे कलम मुळावरच घाव घालणारे आहे. कोणत्याही सार्वजनिक संस्थेकडून आयोग कागद मागवू शकतो आणि गुप्ततेचे कोणतेही बंधन त्याआड येत नाही. मात्र तेविसाव्या कलमाने आयोगाच्या हाती आलेली माहिती बाहेर देणे, ठरावीक अपवाद सोडल्यास, गुन्हा ठरवले. पुढे २००५पासून ब्रिटनमध्ये माहिती स्वातंत्र्य कायदा लागू झाला. दुसऱ्या कायद्याने मनाई केलेली माहिती त्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने पूर्णपणे वगळली. इथे लोकहिताचे पारडेही तोलले जात नाही.

ही सवलत निराधार नाही. अशा फायलींत बलात्कारपीडितेची ओळख असते, खबऱ्याचे नाव असते, केवळ संशयापोटी चौकशी झालेल्या निरपराध माणसाचा पत्ता असतो. तो चव्हाट्यावर आला, तर उद्या कोणी तोंड उघडणार नाही. पण याचा अर्थ असा, की आयोगाने नेमके काय पाहिले आणि काय पाहिलेच नाही, हे बाहेरच्या माणसाला तपासता येणे कठीण. त्यातच २०१४मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सफोक पोलिसांच्या एका प्रकरणात सांगितले, की शिक्षा झाल्यानंतर कागद दाखवण्याचे पोलिसांचे कर्तव्य खटल्याच्या वेळेइतके व्यापक राहत नाही. शंका असेल तर आयोग आहेच.

आयोगच चुकला तर? अँड्र्यू माल्किन्सन यांना २००४मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. २००७मध्ये दुसऱ्याच पुरुषाचा डीएनए आढळला. आयोगाने दोनदा प्रकरण अपिलाकडे पाठवण्यास नकार दिला. सतरा वर्षे तुरुंगात काढल्यावर, २०२३मध्ये ते निर्दोष ठरले. पोलिसांकडची दडून राहिलेली कागदपत्रे शोधून काढली ती एका स्वयंसेवी संस्थेच्या वकिलांनी. नंतरच्या चौकशीत आयोगावर कडक ठपका आला.

आपल्याकडे असा आयोगही नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळच्या २००३च्या दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहाजणांना २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली वा सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून चार निराळ्याच माणसांना ओळखले होते. तो कागद पहिल्यापासून दफ्तरात होता.

आपल्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ज) तपासाला अडथळा आणणारी माहिती रोखू देते. पण कलम ८(२) लोकहित जड ठरल्यास ती देण्याची मुभाही ठेवते. तपास संपून माणूस फाशीच्या कोठडीत बसला असेल, तेव्हा अडथळा नेमका कशाला होतो, हा प्रश्न माहिती अधिकाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. गुप्तता फायलीत नाव असलेल्या दुबळ्या माणसासाठी आहे. ती फाईल लिहिणाऱ्या खात्याच्या अब्रूसाठी नाही. बेकचा क्रमांक बदलणाऱ्या कारकुनाला सत्य ठाऊक होते. कमी होती ती दुसऱ्या कोणाला तरी ते कपाट उघडण्याचा हक्क असण्याची.