पिक्चरच्या आधीची पंधरा मिनिटं

तिकिटावर तीनचा खेळ असला तरी पिक्चर सव्वातीनशिवाय सुरू होत नाही, हे साठ-सत्तरच्या दशकात शाळकरी पोरांनाही ठाऊक असे. आधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील, मग अनुबोधपट. धरणाचं उद्घाटन, पूर, कुटुंबनियोजन. निवेदन भारदस्त, भाषा सरकारी. बरंच पब्लिक तोवर बाहेर चहा-सिगारेट उरकून घेई. आपण काय चुकवतोय याची त्याला कल्पना नव्हती.

हा रिवाज दुसऱ्या महायुद्धातला. इंग्रज सरकारने 1943 साली सक्ती केली: प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवायचीच. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये या फिल्म बनवणारं सरकारी खातं गुंडाळलं गेलं. परिणाम असा की 15 ऑगस्ट 1947 चा सोहळा टिपायला सरकारकडे स्वतःचं चित्रपथकच नव्हतं. ही उणीव भरून काढायला 1948 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि सक्तीही परतली. रिळांचं भाडं थिएटरवाल्यांनीच भरायचं, त्यामुळे त्यांची कुरकुर कधी थांबली नाही, आणि ती रास्तच होती.

प्रचार भरपूर झाला, कंटाळवाणाही झाला. पण 1965 च्या सुमारास झाँ भावनगरी युनेस्कोतून सल्लागार म्हणून आले आणि त्यांनी तरुण दिग्दर्शकांना मोकळीक दिली. मग जे घडलं ते सरकारी खात्यात घडलं यावर आजही विश्वास बसत नाही.

एस. एन. एस. शास्त्री यांचा 1967 चा 'आय अॅम 20' घ्या. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या पोरापोरींसमोर कॅमेरा ठेवला आणि त्यांना बोलू दिलं. कुणी स्वप्नं सांगतं, कुणी देशावरची नाराजी लपवत नाही. शास्त्री कुणालाच दुरुस्त करत नाहीत. सरकारी पैशातून सरकारलाच आरसा दाखवणारा इतका मोकळा चित्रपट नंतर क्वचितच झाला.

प्रमोद पती त्याहून धाडसी. प्रागमध्ये बाहुलीपटांचं तंत्र शिकून आलेला हा माणूस. चित्रकार आबिद सुरती यांच्यावरचा त्यांचा 'आबिद' (1972) पाहताना डोळे ठरत नाहीत: खोलीभर रंग पसरत जातात आणि जिताजागता चित्रकार कळसूत्री बाहुलीसारखा झटक्याझटक्याने हलतो. युक्ती साधी. माणूस जरासा हलवायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायचा. चौकटीचौकटीने काम करण्याची ही चिकाटी मुंबईला नवी नव्हती. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी मटाराच्या रोपाची वाढ अशीच टिपली होती आणि ती दाखवूनच भांडवल मिळवलं होतं. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, त्याच्या पायाशी, एक छोटासा अनुबोधपटच आहे. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त ते रोप भेटतं.

आणीबाणीत या मोकळिकीचा गळा आवळला गेला. पुढे दूरदर्शन घरोघर पोहोचलं आणि आठवडाभराच्या शिळ्या बातम्या थिएटरात बघण्यात कुणाला रस उरला नाही. डिसेंबर 2020 मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुन्या निगेटिव्हचं काय होणार या काळजीने अनेक चित्रकर्त्यांनी आवाज उठवला.

ती काळजी खरी आहे. पण नुसतं जतन पुरेसं नाही. हे चित्रपट अंधाऱ्या थिएटरात, मोठ्या पडद्यावर, गच्च भरलेल्या प्रेक्षागृहासाठी बनले होते. मोबाइलवर 'आबिद' पाहणाऱ्याला त्याच्या रंगांचा निम्मा धक्काही बसत नाही. पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांनी ते पिक्चरच्या आधी पुन्हा लावावेत, आणि या वेळी दारं वेळेवर बंद करावीत.